मेंदूतील साधी गाठ आणि आई होण्याचा निर्णय

सततच्या डोकेदुखीसाठी म्हणून केलेल्या एमआरआयमध्ये मेंदूच्या आवरणाला लागून दीड-दोन सेंटिमीटरची गाठ दिसते, डॉक्टर अहवाल वाचून ‘हा कर्करोग नाही’ असे सांगतात, आणि त्या एका वाक्याने घरातल्यांच्या जिवात जीव येतो. पण जिला मूल हवे आहे तिच्या मनात लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: ही गाठ डोक्यात असताना दिवस राहिले तर चालेल का? आजूबाजूच्या माणसांकडून या प्रश्नाची दोनच प्रकारची उत्तरे मिळतात. ‘साधी तर गाठ आहे, त्यात काय एवढे’ हे एक, आणि ‘जिवाशी खेळ कशाला, मुलाचा विचार सोडून दे’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे मायेपोटी दिलेली असतात आणि दोन्ही अपुरी असतात. खरे उत्तर बहुतेकींसाठी बरेच आशादायक असते. मात्र ते ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात मिळत नाही. दिवस केव्हा राहू द्यायचे आणि त्याआधी काय काय करून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप असते.

आधी ‘साधी’ या शब्दाचा नेमका अर्थ पाहू. गाठ साधी आहे असे डॉक्टर म्हणतात तेव्हा ते तिच्या पेशींच्या स्वभावाविषयी बोलत असतात. या पेशी सावकाश वाढतात, शेजारच्या अवयवात घुसत नाहीत आणि रक्तावाटे दूर कुठे जाऊन नवी गाठ धरत नाहीत. गाठ कुठे बसली आहे याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही, आणि मेंदूच्या बाबतीत ‘कुठे’ हाच कळीचा मुद्दा असतो. पोटात चार सेंटिमीटरच्या गाठीला सरकायला जागा असते. कवटी मात्र चहूबाजूंनी बंद हाडाची पेटी आहे. मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावर, हाडाला चिकटून असलेली दोन सेंटिमीटरची गाठ आयुष्यभर त्रास न देता राहू शकते, आणि तेवढीच गाठ डोळ्यांच्या नसांना टेकून असेल तर काही मिलिमीटरच्या वाढीनेही दृष्टीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून ‘माझी गाठ साधी आहे का’ याचे उत्तर मिळाल्यावर न थांबता ‘ती कशाला लागून आहे, आणि तिच्याभोवती सूज आहे का’ हे विचारून घ्यावे.

दोन भीती मात्र सुरुवातीलाच बाजूला ठेवता येतात. अशी गाठ वारेतून बाळाकडे जात नाही. आणि गरोदरपणामुळे साध्या गाठीचा कर्करोग होतो, या समजुतीला आधार नाही. काळजी करायची ती गाठीचे आकारमान वाढण्याची, तिच्यामुळे पडणाऱ्या दाबाची, झटके (फिट) येण्याची, आणि तिच्यासाठी चालू असलेल्या औषधांची.

आकारमान वाढते ते का, हे समजण्यासाठी गरोदरपणात शरीरात काय बदलते ते पाहावे लागेल. शरीरातील रक्ताचे प्रमाण हळूहळू वाढत जाऊन शेवटच्या तिमाहीपर्यंत ४० ते ५० टक्क्यांनी अधिक होते. पेशींच्या आजूबाजूला पाणी साठण्याकडे शरीराचा कल असतो. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी, पाळीच्या चक्रात ती सर्वांत जास्त असते त्या दिवसांच्या तुलनेतही, नवव्या महिन्यात साधारण दहापट होते. इस्ट्रोजेन आणि दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन यांचीही अशीच वाढ होते. काही गाठींच्या पेशींना या संप्रेरकांचे संदेश कळतात आणि काहींना कळत नाहीत, आणि त्यावरच गाठीची पुढची वाटचाल बरीचशी अवलंबून असते.

मेंदूच्या आवरणापासून निघणाऱ्या गाठीला मेनिन्जिओमा म्हणतात. हे नाव हार्वे कुशिंग या अमेरिकी शल्यविशारदाने १९२२ मध्ये दिले. कवटीच्या आत उगम पावणाऱ्या गाठींमध्ये हिचे प्रमाण सर्वाधिक आहे. अशा सर्व गाठींपैकी एक तृतीयांशाहून जास्त गाठी याच प्रकारच्या असतात, आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्के पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे साध्या असतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ही गाठ दुपटीहून अधिक आढळते. त्याचे एक कारण असे मानले जाते की यांपैकी बहुसंख्य गाठींच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद देणारी केंद्रे असतात.

मग गरोदरपणात ही गाठ वाढतेच का? तसे नाही. लहान, लक्षणे नसलेल्या अशा अनेक गाठी वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात, ज्या वाढतात त्याही बहुधा वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरच्या गतीने, आणि अशा गाठी असलेल्या कितीतरी स्त्रियांची गरोदरपणे विनाअडथळा पार पडतात. काही स्त्रियांमध्ये मात्र, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, गाठ फुगते आणि आजवर नसलेली लक्षणे दिसू लागतात. ‘फुगते’ हा शब्द येथे विचारपूर्वक वापरला आहे. अशा वेळी काढलेल्या गाठी तपासल्यावर दिसते ते असे की, पुष्कळदा पेशींची संख्या फारशी वाढलेली नसते. गाठीतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि आत पाणी साठलेले असते. म्हणूनच काही जणींची गाठ बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच पुन्हा आक्रसते. ही माहिती मला फार महत्त्वाची वाटते, कारण ‘गाठ वाढली’ हे शब्द ऐकताच ‘आता हे वाढतच जाणार’ अशी जी धास्ती बसते, ती प्रत्येक वेळी खरी नसते.

प्रत्यक्षात निर्णय कसा होतो ते पाहू. गाठ लहान असेल, महत्त्वाच्या नसांपासून दूर असेल, तिच्याभोवती सूज नसेल आणि सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने काढलेल्या दोन एमआरआयमध्ये ती वाढलेली नसेल, तर केवळ तिच्यामुळे मूल होऊ देऊ नये असे सहसा सांगितले जात नाही. दिवस राहण्याआधीचा ताजा एमआरआय मात्र हाताशी हवा, कारण पुढे काही लक्षण दिसलेच तर तुलना करायला जुने चित्र लागते. याउलट गाठ मोठी असेल, भोवती सूज असेल, ती डोळ्यांच्या नसांजवळ किंवा मेंदूच्या तळाशी असेल, किंवा आधीच लक्षणे असतील, तर आधी शस्त्रक्रिया आणि मग मूल, हा क्रम बहुतेक न्यूरोसर्जन सुचवतात. गरोदर नसताना, सवडीने, तयारीने केलेली शस्त्रक्रिया आणि सातव्या महिन्यात घाईने करावी लागलेली शस्त्रक्रिया यांत जोखमीचा मोठा फरक आहे, आणि या एका फरकासाठी तरी हा विचार आधी करायला हवा.

शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचाराचा पर्याय दिला जातो तेव्हा एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. किरणांचा परिणाम सावकाश, काही महिने ते काही वर्षे चालतो, आणि मधल्या काळात गाठीभोवती तात्पुरती सूज येऊ शकते. त्यामुळे किरणोपचारानंतर थांबावे लागते. किती थांबायचे हे गाठीवर आणि वयावर ठरते, आणि वयाचा मुद्दा सल्लामसलतीत अनेकदा मागे पडतो. पंचविशीतल्या स्त्रीला ‘दोन वर्षे थांबा’ म्हणणे आणि सदतीस वर्षांच्या स्त्रीला तेच सांगणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, कारण पस्तिशीनंतर बीजांडांची संख्या आणि गुणवत्ता झपाट्याने घटत जाते. गाठीसाठी थांबण्यात सुरक्षितता असली तरी त्या थांबण्याचीही किंमत असते, आणि ती न्यूरोसर्जनच्या डोळ्यांसमोर असेलच असे नाही. तेव्हा आपले वय आणि मुलाची इच्छा हे दोन्ही पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगावे.

थांबण्याच्या काळात गर्भनिरोधनाचा प्रश्न येतो, आणि मेनिन्जिओमा असलेल्या स्त्रीने येथे विशेष जागरूक राहायला हवे. सायप्रोटेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेनिन्जिओमाचा धोका वाढतो हे लक्षात आल्यामुळे युरोपीय औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले, आणि ही गाठ असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या स्त्रियांना ते देऊ नये असे सांगितले. तीन महिन्यांनी घेतल्या जाणाऱ्या मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनाचा दीर्घकाळ वापर आणि ही गाठ यांचा संबंध फ्रान्समधील मोठ्या अभ्यासात २०२४ मध्ये पुढे आला. तांबीसारखे संप्रेरक नसलेले साधन हा अशा वेळी सोपा पर्याय ठरतो. तसेच वंध्यत्वाचे उपचार किंवा टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घ्यायचे असतील तर त्यांतही प्रोजेस्टेरॉन दिले जाते. म्हणून ते उपचार वर्ज्यच ठरतात असे नाही, परंतु उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गाठीची आणि न्यूरोसर्जनला त्या उपचारांची माहिती असलीच पाहिजे.

आता दुसऱ्या गाठीकडे वळू, जिची कहाणी जवळजवळ उलटी आहे. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या बाजूला, हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. तिच्यात होणाऱ्या साध्या गाठींपैकी सुमारे ४० टक्के गाठी प्रोलॅक्टिन तयार करतात. त्यांना प्रोलॅक्टिनोमा म्हणतात. प्रोलॅक्टिन वाढले की बीजांड बाहेर पडण्यासाठी मेंदूकडून जाणारा संदेश दबतो, पाळी लांबते किंवा बंद होते आणि दिवस राहत नाहीत. मूल होत नाही म्हणून तपासणी सुरू झाली आणि ही गाठ सापडली, असे पुष्कळदा घडते. येथे गाठच मुलाच्या आड आलेली असते, आणि समाधानाची बाब अशी की कॅबरगोलीन किंवा ब्रोमोक्रिप्टीन या गोळ्यांनी बहुतेकींचे प्रोलॅक्टिन खाली येते, गाठ लहान होते आणि पाळी सुरू होते. मात्र पहिली पाळी येण्याच्या आधीच बीजांड बाहेर पडलेले असते. म्हणजे औषध सुरू केल्यावर पाळीची वाट पाहत असतानाच दिवस राहू शकतात. गाठ अजून मोठी असताना हे होऊ नये म्हणून, डॉक्टर हिरवा कंदील दाखवेपर्यंत संरक्षण वापरावे.

या गाठींची विभागणी एका सेंटिमीटरच्या रेषेवर केली जाते, आणि गरोदरपणाच्या दृष्टीने ती रेषा खरोखर उपयोगी आहे. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असलेल्या शंभर स्त्रियांपैकी दोन-तीन जणींनाच गरोदरपणात गाठ वाढल्याची लक्षणे जाणवतात. दिवस राहिल्याचे कळताच अशा स्त्रियांची गोळी सहसा थांबवली जाते. गाठ त्याहून मोठी असेल आणि तिच्यावर आधी शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर हे प्रमाण साधारण पाचात एक इतके वाढते. आधी शस्त्रक्रिया झालेली असल्यास ते पुन्हा बरेच खाली येते. म्हणून मोठ्या गाठीच्या बाबतीत औषधाने ती पुरेशी आक्रसेपर्यंत वाट पाहणे, औषधाला दाद न दिल्यास आधी शस्त्रक्रिया करणे, किंवा गरोदरपणातही गोळी चालू ठेवणे, असे मार्ग असतात. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत या गोळ्या पोटात गेल्याने बाळात व्यंग निर्माण होण्याचा धोका वाढल्याचे आढळलेले नाही, हेही येथे सांगायला हवे, कारण अनवधानाने गोळी चालू राहिली म्हणून घाबरून गेलेल्या स्त्रिया असतात.

गरोदरपणात पियुषिका ग्रंथी स्वतःच दुप्पट किंवा त्याहून मोठी होते आणि प्रोलॅक्टिन सगळ्याच स्त्रियांमध्ये सुमारे दहापट वाढते. त्यामुळे या काळात रक्तातील प्रोलॅक्टिन मोजून गाठीविषयी काहीच कळत नाही. मोठा आकडा पाहून जीव टांगणीला मात्र लागतो. ती तपासणी करूच नये असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. त्याऐवजी मोठी गाठ असलेल्या स्त्रीचे दृष्टिक्षेत्र दर तिमाहीत तपासले जाते.

ही तपासणी कशी असते ते जवळून पाहण्यासारखे आहे. एका पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकवून बसायचे. एक डोळा झाकलेला. दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे एकटक पाहायचे, आणि कडेला कुठेही बारीकसा प्रकाश चमकला की हातातले बटण दाबायचे. पाच-दहा मिनिटांनी कागदावर जे चित्र उमटते त्यात न दिसलेला भाग काळा पडलेला असतो. पियुषिकेच्या लगेच वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, आणि खालून दाब आला की सर्वांत आधी बाहेरच्या, म्हणजे कानांकडच्या बाजूची दृष्टी जाऊ लागते. समोरचे व्यवस्थित दिसते, वाचता येते, म्हणून ते लक्षात येत नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागू लागतो, बाजूने आलेला माणूस अचानक प्रकट झाल्यासारखा वाटतो, आणि गरोदरपणात असा धांदरटपणा होतोच म्हणून दुर्लक्ष होते. कागदावरचा काळा भाग मात्र वेळीच सावध करतो.

शरीरातील इतर साध्या गाठींविषयी थोडक्यात. गर्भाशयातील फायब्रॉइड सर्वांत अधिक आढळतात. त्यांतले बहुतेक गरोदरपणात फारसे वाढत नाहीत, आणि आकारापेक्षा गाठ गर्भाशयाच्या पोकळीत शिरली आहे का हे पाहिले जाते, कारण पोकळीत शिरलेली गाठ गर्भ रुजण्यात अडथळा आणू शकते. यकृतातील अॅडेनोमा ही गाठ इस्ट्रोजेनला प्रतिसाद देते. ती पाच सेंटिमीटरहून मोठी असेल तर फुटून रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने दिवस राहण्याआधी उपचार केले जातात, आणि त्याहून लहान असेल तर सोनोग्राफी करत गरोदरपण पुढे नेता येते. प्रत्येक गाठीचे गणित वेगळे असले तरी विचारायचे प्रश्न तेच राहतात: जागा कोणती, आकार किती, आणि संप्रेरकांना ती प्रतिसाद देते का.

आता औषधे. मेंदूच्या गाठीमुळे झटके येत असतील किंवा शस्त्रक्रियेनंतर ते येऊ नयेत म्हणून गोळ्या चालू असतील, तर माझ्या मते हा मुद्दा गाठीइतकाच, कधी कधी गाठीहूनही मोठा आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर पाळी चुकल्याचे अनेकींच्या नीटसे लक्षातही आलेले नसते. म्हणजे दिवस राहिल्याचे कळल्यावर औषध बदलायचे ठरवले तर सर्वांत नाजूक काळ निघून गेलेला असतो. व्हॅल्प्रोएट हे औषध घेणाऱ्या मातांच्या बाळांपैकी दहात सुमारे एकात जन्मजात व्यंग आढळते आणि दहातील तीन-चार मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. म्हणून मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला ते शक्यतो दिले जात नाही. लॅमोट्रिजीन आणि लेव्हेटिरॅसिटॅम ही त्या मानाने पुष्कळ सुरक्षित औषधे आहेत. लॅमोट्रिजीनची रक्तातील पातळी गरोदरपणात घसरते, त्यामुळे ती मोजत मात्रा वाढवावी लागते, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: बाळाच्या काळजीने कोणतीही स्त्री झटक्यांची गोळी आपल्या मनाने, एकाएकी बंद करू नये. अचानक बंद केल्याने येणारा मोठा, लांबलेला झटका आईच्या जिवावर बेतू शकतो आणि बाळाचा प्राणवायू तोडू शकतो. बदल करायचा तो आधी, सावकाश, आणि नव्या औषधावर काही महिने झटक्यांशिवाय गेल्यावर मग मुलाचा विचार करायचा. फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी तर सगळ्यांनीच किमान महिनाभर आधी सुरू करायची असते; झटक्यांची औषधे घेणाऱ्या स्त्रियांना डॉक्टर बहुधा याहून मोठी मात्रा देतात.

हे सारे नियोजन ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी झाले. पण कित्येकदा गाठ सापडते तीच गरोदरपणात, आणि तेव्हा मूळ अडचण निदानाची असते, कारण गाठीची लक्षणे आणि गरोदरपणाची लक्षणे एकमेकांसारखी असतात. पहिल्या तीन महिन्यांतील मळमळ आणि उलट्या ओळखीच्या असतात. परंतु उलट्या चौथा-पाचवा महिना उलटल्यावर नव्याने सुरू झाल्या, सकाळी उठताना डोके जड होऊन दुखत असेल आणि खोकताना किंवा वाकताना ती कळ वाढत असेल, दृष्टी अंधुक झाली असेल, हातापायात अशक्तपणा आला असेल किंवा झटका आला असेल, तर ‘गरोदरपणात असे व्हायचेच’ म्हणून घरी थांबू नये. विसाव्या आठवड्यानंतर अशी डोकेदुखी वाढलेल्या रक्तदाबामुळेही असू शकते, आणि तेही तितकेच तातडीचे असते. म्हणून आधी रक्तदाब तपासला जातो आणि तो ठीक असल्यास मेंदूची तपासणी होते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे तो गरोदरपणात करता येतो. फक्त त्यासाठी शिरेतून दिले जाणारे गॅडोलिनियमचे औषध शक्यतो टाळतात. तातडीच्या वेळी डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागला तरी पोटापर्यंत पोहोचणारे किरण नगण्य असतात. बाळाच्या भीतीपोटी आईची आवश्यक तपासणी लांबवणे हा त्या दोघांवरही अन्याय आहे.

गाठ सापडलीच, तर बहुतेक वेळा बाळंतपण होईपर्यंत लक्ष ठेवून थांबता येते. दृष्टी जाऊ लागली किंवा दाब वाढला तर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्यासाठी चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात बरा मानला जातो, कारण बाळाचे अवयव तयार झालेले असतात आणि अकाली कळा सुरू होण्याचे भय तुलनेने कमी असते. दिवस भरत आले असतील तर आधी बाळंतपण, मग शस्त्रक्रिया, असा क्रम लावतात.

गाठ आहे म्हणजे सिझेरियनच, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. मेंदूतील दाब वाढलेला नसेल तर नैसर्गिक बाळंतपणाला हरकत नसते. दाब वाढलेला असेल तर मात्र जोर लावून कळा देणे टाळावे लागते. त्याहून नाजूक प्रश्न भुलीचा असतो. पाठीच्या कण्यात सुई टोचून दिल्या जाणाऱ्या भुलीत मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी बाहेर येऊन दाबाचा तोल बिघडला, तर कवटीतील मोठी गाठ असलेल्या स्त्रीच्या मेंदूचा भाग खाली सरकण्याचा धोका असतो. छोट्या, दाब नसलेल्या गाठीत ही भूल बहुधा देता येते. हा निर्णय कळा सुरू झाल्यावर, मध्यरात्री, फाइल चाळून होऊ नये. सातव्या-आठव्या महिन्यात भूलतज्ज्ञांची भेट घेऊन, न्यूरोसर्जनचे मत जोडून, तो लेखी नोंदवून ठेवलेला असावा आणि त्या कागदाची प्रत घरी पिशवीत तयार असावी.

मुलाला ही गाठ वारशाने मिळेल का, हा प्रश्न स्त्रिया कचरत विचारतात. एकटी मेनिन्जिओमा किंवा एकटा प्रोलॅक्टिनोमा बहुतेक वेळा वारशाने जात नाही. परंतु कमी वयात, एकाहून अधिक गाठी असतील, दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असतील किंवा घरात कुणाला असेच काही झालेले असेल, तर एनएफ-२ या जनुकातील दोष असू शकतो. पालकाच्या सर्व पेशींमध्ये तो दोष असल्यास प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. पूर्वी घराण्यात कुणालाच नसतानाही तो प्रथमच उद्भवू शकतो. अशा जोडप्याने दिवस राहण्याआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे, कारण गर्भ रुजवण्याआधी किंवा सुरुवातीच्या आठवड्यांत तपासण्याचे मार्ग उपलब्ध आहेत, आणि ते वापरायचे की नाही हे ठरवायला वेळ लागतो.

निर्णय कोणाचा, हे येथे स्पष्टपणे म्हणायला हवे. डॉक्टर जोखीम सांगतात, घरचे लोक काळजी आणि आशा दोन्ही बोलून दाखवतात, पण नऊ महिने ती जोखीम अंगावर वागवणारी स्त्री एकच असते. शंभरात तीन ही शक्यता एकीला नगण्य वाटेल आणि दुसरीची झोप उडवील. दोघीही चुकीच्या नाहीत. सर्व ऐकून, समजून एखादीने मूल होऊ न देण्याचे किंवा दत्तक घेण्याचे ठरवले, तर तोही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णयच असतो, आणि त्याला घाबरटपणा म्हणू नये. तसेच जोखीम समजून पुढे जाणाऱ्या स्त्रीला हट्टी ठरवू नये. डॉक्टरांची मते एकमेकांपासून वेगळी पडली, तर न्यूरोसर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि लागल्यास संप्रेरकांचे तज्ज्ञ यांनी एकत्र बोलून एकच योजना द्यावी असा आग्रह धरण्याचा तिला हक्क आहे.

बाळंतपणानंतर लक्ष बाळाकडे वळते आणि गाठीची तपासणी राहून जाते. प्रोलॅक्टिनोमा असलेल्या आईने अंगावर पाजले तर गाठ वाढते असे दिसून आलेले नाही, म्हणून पाजायला हरकत नसते. फक्त कॅबरगोलीन किंवा ब्रोमोक्रिप्टीन पुन्हा सुरू करावे लागले तर दूध आटते. काही जणींचे प्रोलॅक्टिन गरोदरपणानंतर आपोआप उतरते आणि औषधाची गरजच उरत नाही, त्यामुळे पाजणे थांबल्यावर ते मोजले जाते. झटक्यांच्या औषधाची वाढवलेली मात्रा बाळंतपणानंतर लवकरच कमी करावी लागते, आणि जागरणाने झटके येऊ शकतात म्हणून रात्रीचे एखादे पाजणे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी वरच्या किंवा काढून ठेवलेल्या दुधावर निभावावे. मेनिन्जिओमाचा एमआरआय काही महिन्यांनी करून दिवस राहण्याआधीच्या चित्राशेजारी ठेवला जातो. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तो या दोन चित्रांतील फरक पाहून, नव्याने करायचा असतो; पहिले बाळंतपण सुखरूप झाले एवढ्यावरून नव्हे, आणि पहिल्या वेळी त्रास झाला एवढ्यावरूनही नव्हे.